उजवीकडची जागा

हेलिकॉप्टर उडवते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न, भीती नाही वाटत? दुसरा, हेलिकॉप्टरचा कॅप्टन उजवीकडे का बसतो, विमानात तर डावीकडे असतो ना? आणि मी डावीकडे बसते हे कळलं की तिसरा प्रश्न ठरलेला: म्हणजे तुम्ही पायलट नाही? इथे माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी पायलटच आहे. दोघं असतो आम्ही, उजवीकडे कॅप्टन आणि डावीकडे मी. आमचे कॅप्टन म्हणजे माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा, माझे भाऊजी. त्या दिवशी काय झालं ते सांगायचं तर ती उजवीकडची जागा आधी समजून घ्यावी लागेल. थोडक्यात सांगते, जांभया देऊ नका.

हेलिकॉप्टरमध्ये दोन्ही हातांना काम. डाव्या हाताला सीटच्या कडेला एक दांडा असतो, मोटारीच्या हँडब्रेकसारखा दिसणारा. वर ओढला की मशीन वर, खाली दाबला की खाली. उजव्या हातात, दोन गुडघ्यांच्या मध्ये, स्टिक. ती जिकडे कलेल तिकडे मशीन जातं. दांडा क्षणभर सोडला तर तो आहे तिथे राहतो. स्टिक सोडली तर मशीन कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हल्लीची नवी मशिनं हवेत आपली आपण उभी राहतात म्हणे. आमचं जुनं. त्याला सतत धरून ठेवावं लागतं, नुकत्याच उभ्या राहिलेल्या पोराला धरतात तसं.

म्हणून उजवा हात स्टिकवरून हलवायचा नाही, आणि रेडिओ, बटणं, दिवे ही सगळी हमाली डाव्या हाताने करायची. ती बटणं असतात दोन सीटच्या मध्ये. उजवीकडे बसलेल्याचा डावा हात आपसूक तिथे पोचतो. मी डावीकडे, त्यामुळे मला बटण दाबायचं तर स्टिक आधी डाव्या हातात घ्यायची, उजव्याने बटण दाबायचं, मग पुन्हा हात बदलायचे. पूर्वी म्हणे दोघांत मिळून एकच दांडा असायचा, सीटच्या मधोमध, तेव्हापासून कॅप्टन उजवीकडे गेला तो गेलाच, असंही सांगतात. खरंखोटं देव जाणे. शिवाय आमचं काम जहाजांवर अडकलेली माणसं दोराने वर ओढण्याचं, आणि तो तारेचा दोर उजव्या दारावर. खाली लोंबकळणारा माणूस उजवीकडूनच दिसतो. डावीकडून दिसतं नुसतं पाणी आणि आभाळ.

आणखी एक. दोन्ही स्टिक आतून जोडलेल्या असतात. कॅप्टन उडवत असला तरी मी माझ्या स्टिकवर बोटं नुसती टेकवून ठेवते. त्यामुळे भाऊजींचा हात मला इतकी वर्षं माझ्या हातात कळत आलाय. हलका हात होता. आमच्याकडे तसा दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाही नाही.

त्या दिवशी सकाळी मी भाऊजींना न्यायला ताईकडे गेले. ते आंघोळीला गेले होते. ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून सिंकचा नळ सोडला.

"त्याच्या उजव्या हाताची बोटं बधिर झालीत," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"कुणी कशाला म्हणायला हवं? परवा गॅसवरचं पातेलं उघड्या हाताने उचललं. आणि उभा आपला, खिडकीतून बाहेर बघत. मी दारात होते. नंतर त्याची नजर हाताकडे गेली तेव्हा टाकलं. मला म्हणाला, इस्त्री लागली. बटणांचे शर्ट बंद केलेत. एवढ्या थंडीत टी-शर्ट घालतो आणि उकडतं म्हणतो."

"तू काही बोलली नाहीस त्यांना?"

"तो सांगत नाही, मी विचारत नाही. मला माहीत आहे हेच त्याला माहीत नाही." तिने नळ आणखी मोठा केला. "तू पण कंपनीत काही बोलू नकोस हं. माझी शपथ आहे तुला. उडणं बंद झालं तर तो हाय खाईल."

"आणि बोलले नाही आणि काहीतरी झालं म्हणजे?"

"मग बघ बाई तुझं तू," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "लोक काय, म्हणतीलच की मेहुणीने जागा पटकावली."

हे ती मुद्दाम म्हणाली की सहज, मला कळलं नाही. लागलं मात्र खोलवर. इतकी वर्षं मला ती जागा हवी होती हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण अशी नको होती.

गाडी मी चालवत होते. अर्ध्या वाटेवर सरळ विचारलं. आडवळणं मला जमत नाहीत.

"भाऊजी, उजव्या हाताला काय झालंय?"

"इस्त्री लागली."

"बोटं बधिर होतात का?"

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्याच. स्टिकवर कळतं मला."

ताईला वाचवायला बोलले, पण ते अगदीच खोटं नव्हतं. गेले काही दिवस तो हलका हात जरा जड लागत होता. थकवा असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "हात दे इकडे." आणि त्यांनी उजव्या हाताने माझी बोटं अशी दाबली की मी "आई गं!" म्हणून किंचाळले.

"आणखी काही शंका, मॅडम?"

माझी बोटं पांढरीफटक पडली होती. एवढी ताकद ज्या हातात आहे त्याला काय धाड भरलीय, ताईला उगाच काळजी करायची सवय, असं मी स्वतःला समजावलं. तरी पिच्छा सोडला नाही. म्हटलं, "वर असताना जरा काही वाटलं तर लगेच 'तू घे' म्हणायचं."

"म्हणेन की. तू काय परकी आहेस?"

हे 'तू घे' म्हणजे आमची रीत. मशीन एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचं तर देणारा म्हणतो 'तू घे', घेणारा म्हणतो 'घेतलं', मग देणारा हात उचलून म्हणतो 'सोडलं'. हे तिन्ही शब्द मोठ्याने म्हणायचे. कारण एका स्टिकवर दोघं किंवा कुणीच नाही, या दोन्हींत मरण आहे.

आम्ही तळावर पोचतोय तोवर भोंगा वाजला. किनाऱ्यापासून लांब एका मालवाहू जहाजावर इंजिनखोलीतला कामगार, मांडीचं हाड मोडलेलं, रक्त थांबत नव्हतं. बोटीने आणला असता तर वाटेतच गेला असता, आणि उडायला तयार मशीन आमचं एकच होतं.

मी भाऊजींना कोपऱ्यात गाठलं. "आज मी बसू उजवीकडे?"

"ते चीफ पायलट ठरवतो. जाऊन विचार, आणि का ते पण सांग." हेल्मेट चढवता चढवता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "इथे वाद घालत बसायचं की त्या माणसाला आणायचं?"

आणि मी निघाले. तुम्ही असता तर काय केलं असतंत?

मागे दोघं होते. दोर सोडणारे तात्या, दारात गुडघे टेकून खाली बघत बसणारे. त्यांना जे दिसतं ते ते बोलतात आणि त्या बोलण्यावर पायलट मशीन हलवतो. दुसरा लंबू, जो दोरावरून खाली उतरतो. नावाप्रमाणे उंच आहे, आणि वर असेपर्यंत त्याची बडबड थांबत नाही.

जहाज दिसलं तेव्हा वारा चांगलाच सुटला होता. डेकवर दोन क्रेन होत्या, एक पुढे, एक मागे, आणि माणूस ठेवला होता नेमका त्यांच्यामध्ये. दुसरीकडे हलवता येत नव्हता. म्हणजे आम्ही क्रेनच्या वर उभं राहायचं आणि लंबूला त्या दोन लोखंडी खांबांमधून खाली सोडून, तिथूनच वर ओढायचं. तो क्रेनच्या वर येईपर्यंत मशीन जागचं हलवायचं नाही. हललं तर खालचा माणूस थेट लोखंडावर आपटणार.

"पुढे... पुढे... हळू... उजवीकडे थोडं... थांब. धर," तात्या बोलत होते. भाऊजींनी धरलं. लंबू स्ट्रेचर घेऊन खाली गेला. माझी बोटं माझ्या स्टिकवर टेकलेली, डोळे त्यांच्या हातावर. सगळं ठीक होतं. मी स्वतःला चार शिव्या घातल्या, कसली संशयी बाई आहेस म्हणून.

खाली वेळ लागला. जखमी माणसाला बांधायला वेळ लागतोच, आणि तोवर वर एका जागी उभं राहणं म्हणजे नाकी नऊ येतात. तेव्हा माझ्या बोटांना कळायला लागलं. आधी बारीक धक्के. मग स्टिक ताठ झाली. भाऊजींनी ती आवळून धरली होती, गच्च, बोटांची हाडं वर आली होती. इतकं आवळायचं कुणालाच कारण नसतं, त्यांना तर नाहीच.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळी माझा हात त्यांनी इतका का दाबला ते. आपण किती दाबतोय हे ज्याला कळत नाही तोच इतकं दाबतो.

"भाऊजी, मला द्या."

"ठीक आहे. झालंच आता."

"दोघं वर येतायत," तात्या म्हणाले. "डेकवरून सुटले. धर... धर असंच..."

नेमका तेव्हाच वाऱ्याचा झोत आला. मशीन कललं. भाऊजींनी सावरलं, पण गरजेपेक्षा जास्त, मग उलट्या बाजूला त्याहून जास्त. तेवढ्यात त्यांचा डावा हात दांड्यावरून सुटला. मला वाटलं मधल्या बटणांकडे जातोय, उजवीकडच्या माणसाचा डावा हात दुसरीकडे कुठे जाणार? तो बटणांवरून पुढे गेला आणि स्टिकवर, उजव्या हाताच्या वर, जाऊन बसला. दोन्ही हातांनी धरली त्यांनी स्टिक. दांड्यावर कुणीच नव्हतं.

दांडा होता तिथेच राहिला, पण कललेल्या मशीनला तेवढा जोर पुरेना; ते खाली बसायला लागलं.

"क्रेन! क्रेन!" तात्या ओरडले. "वर घे! झोके घेतायत दोघं! कॅप्टन!"

मी माझा दांडा ओढला. "मी घेतलं," म्हणाले.

भाऊजींचं 'सोडलं' आलं नाही. मी स्टिक धरली तर ती माझ्याशी भांडत होती. ते एकीकडे, मी दुसरीकडे.

"मी घेतलं! भाऊजी, सोडा!"

माझ्या दांड्याच्या टोकाला एक लाल झाकण असतं आणि झाकणाखाली बटण. ते दाबलं की दोर तुटतो. मशीनच पडणार असेल तर दाबायचं, नियम आहे आमचा. वरच्यांना वाचवायचं, खालच्यांना सोडायचं. लंबूलाही माहीत आहे, दर वेळी दोराला लटकताना तो ते मान्य करूनच लटकतो. खोटं कशाला बोलू, माझा अंगठा त्या झाकणाखाली गेला होता. डोळ्यांसमोर लंबूची म्हातारी आई आली, जिला मी एकदाच भेटले होते.

भाऊजींना माझा अंगठा दिसला.

"ते नको," ते म्हणाले.

"मग सोडा ना!"

त्यांना सोडता येत नव्हतं. मी बघत होते, हात उघडत नव्हता. शेवटी त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून स्टिकवरून उचलली, दुसऱ्याच्या हातातून काहीतरी काढून घेतात तशी.

"सोडलं," म्हणाले.

स्टिक माझ्या हातात आली आणि माझ्या लक्षात आलं, मला काहीही दिसत नाहीये. माझ्या बाजूला नुसत्या लाटा. लाटांकडे बघून एका जागी उभं राहता येत नाही, त्या चालतात आणि वाटतं आपणच चाललोय. जहाज, क्रेन, लंबू, सगळं उजवीकडे.

"तात्या, बोलत राहा! मला दिसत नाही!"

"डावीकडे सरकतेयस, सरकतेयस, अगं मागच्या क्रेनकडे चाललेत ते..."

"लाटांकडे बघू नकोस." हे भाऊजी. आवाज एकदम शांत, मला पहिल्यांदा शिकवत होते तेव्हाचा. त्यांनी मान बाहेर काढून खाली बघितलं. "माझ्या काचेतून जहाजाचं पुढचं टोक दिसतंय? तेवढंच बघ. दाराच्या खांबाला चिकटलेलं ठेव. बाकी मी सांगतो."

मी ते टोक बघितलं. एक गंजलेला कठडा होता, बस्स. त्याला मी जीव मुठीत धरून चिकटवून ठेवलं.

"उजवीकडे केसभर. हां. झोका कमी होतोय. वर घे थोडं. वारा येईल आता, येऊ दे, लगेच भांडू नकोस त्याच्याशी."

वारा आला. मी भांडले नाही.

"क्रेनच्या टोकाशी आले," तात्या म्हणाले. "अजून थोडं... अजून... पार झाले! दोघंही पार झाले!"

मधूनच जहाजाचा रेडिओ कोकलत होता. माझे दोन्ही हात अडकलेले. भाऊजींनी डावा हात लांब करून बटण दाबलं आणि उत्तर दिलं. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. ते त्याच्याकडे बघत नव्हते.

जखमी माणूस इस्पितळाच्या गच्चीवर उतरवला तेव्हा जिवंत होता. आमच्या तळावर मशीन मीच उतरवलं. लंबू उडी मारून खाली आला आणि पुढे येऊन भाऊजींच्या पाठीवर थाप मारली. "काय कॅप्टन, दोन झोके असे दिलेत की सकाळचा नाश्ता समुद्राला वाहिला! पण नंतर काय धरलंत, मानलं!"

"मी नव्हतो. ही होती," भाऊजी म्हणाले.

तेवढा मोठा माणूस आहे तो. म्हणूनच नंतर कपडे बदलायच्या खोलीबाहेर जे म्हणाले त्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"चीफ विचारेल. हात आखडला म्हणायचं. पेटका आला, एवढंच. डॉक्टरचं मी बघतो."

"कधी?"

"बघतो म्हटलं ना."

"भाऊजी, मी दोर कापणार होते. माझ्या हाताने लंबू मेला असता!"

"मेला नाही ना? तुला ती जागा हवीय, मला माहीत आहे. थोडा धीर धर, मिळेल."

ते चीफच्या खोलीकडे गेले. मी तिथेच बाकावर बसले. ताईला फोन लावला.

"ताई, मी चीफला सांगणार आहे. तू शपथ घातलीस, तरी सांगणार आहे. तू माझं तोंड नाही बघितलंस पुन्हा तरी चालेल."

ती म्हणाली, "काय झालं? तो बरा आहे ना?"

"बरे आहेत. सगळे बरे आहेत."

तेव्हा ती रडायला लागली. "मग अजून सांगितलं नाहीस? आजवर तुझ्या पोटात काही राहिलंय का गं? तू सांगशील म्हणून तर तुला सांगितलं सकाळी! मी कुणाला सांगू? मी बायको आहे त्याची. माझ्याने नाही होणार ते."

"आणि ती शपथ?"

"ती घालावीच लागते गं," ताई म्हणाली.

इतका संताप आला मला तिचा! नीट सरळ सांगितलं असतंस तर मी मशीन उडूच दिलं नसतं, असं ओरडणार होते. पण ती हुंदके देत होती. मी फोन ठेवला आणि चीफच्या खोलीत शिरले, दार न वाजवता.

भाऊजी खुर्चीत बसले होते. पेटक्याची गोष्ट सांगून झाली होती.

"पेटका नाही," मी म्हणाले. "उजव्या हाताची बोटं बधिर आहेत. आजची नाहीत, आधीपासून आहेत."

चीफने माझ्याकडे बघितलं, मग भाऊजींकडे. दोघं बरोबरीने शिकलेले, अरेतुरेतले. तो काही रागावला नाही. "डोळे मीट रे," एवढंच म्हणाला.

"काय पोरखेळ चाललाय?"

"मीट तर. हात पुढे कर."

भाऊजींनी डोळे मिटले आणि उजवा हात पुढे केला. चीफने टेबलावरची कपाटाची किल्ली उचलली आणि त्यांच्या बोटांच्या टोकांवर अलगद ठेवली. आम्ही दोघं बघत होतो. किल्ली बोटांवर होती.

भाऊजी हात तसाच धरून वाट बघत राहिले.

"दे ना," ते म्हणाले. "काय द्यायचंय ते."

चीफ उठून खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मला रडू आवरेना. माझ्या हुंदक्याने भाऊजींनी डोळे उघडले, आणि त्यांना किल्ली दिसली.

त्यांनी ती किल्ली डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवली, छातीवरचा कॅप्टनचा बिल्ला काढला आणि तोही तिच्याशेजारी ठेवला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते गाडीपर्यंत माझ्या बरोबरीने चालत आले, दार उघडायच्या आधी थांबले आणि आवाज खाली करून म्हणाले, "एक कर माझ्यासाठी. घरी आज काही बोलू नकोस. ताईला मीच सांगेन, हळूहळू, बेताबेताने. तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही गं. हाय खाईल ती."

"बरं, भाऊजी," मी म्हणाले आणि गाडी सुरू केली.